संयुजा इलेक्ट्रॉन
अणूच्या सर्वांत बाहेरील कवचातील इलेक्ट्रॉनांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात. मूलद्रव्याचे रासायनिक वर्तन प्रामुख्याने त्यांच्यावर अवलंबून असते. सोडियमच्या अणूत ११ प्रोटॉन व ११ इलेक्ट्रॉन असून त्याचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १ असे आहे. बाह्यतम कवचातील एकमेव इलेक्ट्रॉन गमावल्यावर प्रोटॉन एकाने अधिक ठरतात आणि सोडियमचा धन आयन तयार होतो. क्लोरीनच्या अणूचे संरूपण २, ८, ७ आहे. तो हा इलेक्ट्रॉन स्वीकारून ऋण आयन बनतो. आता दोन्ही आयनांच्या बाह्यतम कवचांत आठ इलेक्ट्रॉन असतात. विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणामुळे हे आयन एकत्र येऊन मीठ बनते. या प्रक्रियेत अणुकेंद्रे मुळीच बदलत नाहीत. पाण्याशी तीव्र अभिक्रिया करणारा धातू आणि विषारी वायू यांपासून रोजच्या आहारातील पदार्थ तयार होतो, तो केवळ एका इलेक्ट्रॉनाच्या स्थानांतरामुळे.