आचार्यपदवीच्या वाटेवरील मधली परीक्षा

धरमपेठेंत ज्यांचीं मुलेंमुली परदेशीं शिकत आहेत अशीं घरें आतां थोडीं नाहींत. समाजशास्त्रांत डॉक्टर होण्यासाठीं अमेरिकेस गेलेली नात कळविते, ‘यंदा माझी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, सुटींत येतां येणार नाहीं.’ आजी म्हणते, ‘एम्. ए. तर झालें, मग पुन्हां कसली परीक्षा?’ काका विचारतात, ‘किती मार्कांची?’ नात गप्प बसते, आणि घरांत उगाच गैरसमज होतो. तो दूर व्हावा, एवढ्याच हेतूनें हा लेख आहे.

तिकडील विद्यार्थी पहिलीं दोनतीन वर्षें वर्गांत बसून सिद्धान्त, संशोधनपद्धति व सांख्यिकी शिकतो. मग कुटुंब, धर्म, नगरें, श्रम अशांपैकीं एकदोन क्षेत्रें तो निवडतो. प्रत्येक क्षेत्राची लांबलचक ग्रंथयादी असते व तिच्या वाचनांत कित्येक महिने जातात. लेखी परीक्षा कोठें एका दिवसांत बंद खोलींत, तर कोठें कांहीं दिवसांची मुदत देऊन घरीं घेतात. पुष्कळ ठिकाणीं नंतर अध्यापकमंडळापुढें तोंडी परीक्षाहि होते. निकाल टक्क्यांत नसतो. उत्तीर्ण कीं अनुत्तीर्ण, एवढेंच सांगतात. नापासास बहुधा एकदांच पुन्हां बसूं देतात. उत्तीर्ण झालेला ‘उमेदवार’ ठरून प्रबंधास लागतो. दुसऱ्यांदाहि अपयश आल्यास बहुधा एम्. ए.वर समाधान मानून परतावें लागतें. काकांच्या प्रश्नाला नातीपाशीं उत्तर नसतें, तें यामुळेंच.

ही परीक्षा पाठांतराची नव्हे. ‘जातीचीं लक्षणें सांगा’ असें तेथें कोणी विचारीत नाहीं. जाति धर्मकल्पनेवर उभी आहे कीं सत्ता व संपत्ति यांवर, या वादांत कोणाचा पुरावा टिकतो, आणि तुमचें स्वतःचें मत काय, असा प्रश्न येतो. शास्त्रसभेंत पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडल्यावांचून सिद्धान्त सांगण्याचा अधिकार मिळत नसे. तोच दंडक येथें आहे.

आपल्या विद्यापीठांनीं इंग्रजी वळण उचललें. त्यांत खरी कसोटी शेवटीं, म्हणजे प्रबंधावर व त्यानंतरच्या तोंडी परीक्षेंत असे. मुंबई विद्यापीठांत १९१९ सालीं पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा विभाग निघाला. मूळचे संस्कृतचे विद्वान गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजहून डॉक्टर होऊन आले व १९२४ सालीं त्या विभागाचे प्रमुख झाले. मधली कसोटी आपल्याकडे फार उशिरां आली. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालच्या नियमांनीं पीएच्. डी.च्या विद्यार्थ्यांस अभ्यासक्रम सक्तीचा केला. २०२२ च्या नियमांप्रमाणें तो निदान १२ श्रेयांकांचा असून त्यांत ५५ टक्के गुण मिळविल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं.

या खटाटोपाचें फळ काय, तें इरावतीबाई कर्व्यांच्या उदाहरणांत दिसतें. घुर्यांच्या हाताखालीं चित्पावनांवर प्रबंध लिहून १९२८ सालीं त्या एम्. ए. झाल्या व बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. युरोपियांच्या व इतरांच्या कवट्यांच्या ठेवणींत भेद निघावा अशी त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या. तसा भेद आढळला नाहीं, आणि जें आढळलें तेंच त्यांनीं प्रबंधांत लिहिलें. ज्यांच्या हातीं आपली पदवी, त्यांच्याच मताविरुद्ध, परक्या देशांत, एका तरुण स्त्रीनें हें केलें. शंभर मतें तोलून आपलें मत पुराव्यावर उभें करण्याची ही शक्ति अंगीं आली आहे कीं नाहीं, हेंच ती मधली परीक्षा पाहते.

म्हणून नातीचें पत्र वा फोन आला तर मार्क विचारूं नयेत. ‘सध्यां कोणता वाद वाचते आहेस, आणि तुला कोणाचें पटतें?’ असें विचारावें. ती बोलूं लागेल. आणि तिची निम्मी तयारी कदाचित् आपल्याच ओसरीवर होऊन जाईल.