आठवण आणि पुरावा

‘मला पक्के आठवते’ या तीन शब्दांनी घरातील कितीतरी वाद मिटतात आणि तितकेच पेटतातही. पणजोबांचा जन्म ‘प्लेगच्या साली’ झाला, असे घरातील वडीलधारी माणसे मोठ्या खात्रीने सांगतात. परंतु प्लेग १८९६ साली मुंबईत आला, पुढे पुण्यास पोचला आणि नंतर कित्येक वर्षे पुनःपुन्हा येत राहिला. मग त्यांतील साल कोणते धरावयाचे? सांगणारा खोटे बोलत नसतो. तथापि प्रामाणिकपणा ही एक गोष्ट आणि बिनचूकपणा ही दुसरी. या दोहोंतील भेद समजून घेण्यास श्रीशिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादाइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेस, म्हणजे इसवी सन १६२७ च्या एप्रिलात झाला, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. तिचा मुख्य आधार बखरींचा. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर सुमारे सतरा वर्षांनी लिहिली गेली. पण तीत जन्मतिथीच नाही. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर १८१० च्या सुमाराची. म्हणजे जन्म आणि लेखन यांमध्ये सुमारे १८० वर्षांचे अंतर. शिवाय निरनिराळ्या बखरी ताडून पाहिल्या तर साल, तिथी आणि वार यांत मेळ बसत नाही. १९०० साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून या मतभेदांची चर्चा केली होती.

बखरकारांनी हेतुपुरस्सर काही चुकीचे लिहिले, असे समजण्याचे कारण नाही. स्मृतीचा स्वभावच असा आहे. केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपले प्रयोग वर्णिले आहेत. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचावयास दिली आणि काही काळाने पुनःपुन्हा आठवून लिहावयास सांगितले. प्रत्येक वेळी कथा आखूड झाली. अपरिचित गोष्टी गळाल्या. कथेतील डोंगी जाऊन तेथे ओळखीची होडी आली. यावरून असे दिसते की, मन हे जिन्नस जसाच्या तसा सांभाळणारे कोठार नव्हे. आठवताना ते गोष्ट नव्याने रचते, आणि राहिलेली पोकळी आपल्याला सुसंगत वाटेल त्याने भरून काढते. एका माणसाचे जर असे, तर पाच-सहा पिढ्यांच्या तोंडून आलेल्या तारखेचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

या वादाला निराळे वळण लागले ते १९१६ साली. भोरजवळील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील एक शकावली टिळकांच्या हाती आली होती. ती त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे सालवार टिपणांची यादी. जेध्यांची शकावली शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतची आहे. तीत अलंकार नाहीत, संवाद नाहीत, स्तुती नाही. कोणत्या शकात, कोणत्या तिथीस काय घडले एवढेच. शके १५५१, शुक्लनाम संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र या दिवशी शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला, असे तीत नमूद आहे. ही तारीख १९ फेब्रुवारी १६३० होय.

पण कागद जुना म्हणून तो खरा, असे मानणे हाही एक अंधविश्वासच. नकलनवीसाच्या हातून आकडा चुकू शकतो. म्हणून कागदाचीही साक्ष तपासावी लागते, आणि ती तीन प्रकारांनी तपासता येते.

पहिली कसोटी गणिताची. तिथी, वार आणि नक्षत्र ही चंद्रसूर्यांच्या गतीने एकमेकांशी बांधलेली असतात. त्यांतील एक चुकले की उरलेली जुळत नाहीत. शकावलीतील तिथीस गणिताने शुक्रवारच येतो. मात्र १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च १६३० ठरतो. हा भेद न ओळखता कोणी आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे उलट मोजीत गेला, तर १९ फेब्रुवारीस मंगळवार येईल आणि तो खऱ्या पुराव्यास खोटे ठरवून बसेल.

दुसरी कसोटी त्याच साक्षीदाराच्या इतर विधानांची. महाराज आग्र्याहून निसटले तो दिवस शकावलीत श्रावण वद्य द्वादशी, शके १५८८ असा आहे; म्हणजे १७ ऑगस्ट १६६६. जयपूर दरबारच्या आग्र्यातील माणसांनी त्याच वेळी लिहिलेल्या राजस्थानी पत्रांवरून १८ ऑगस्टच्या सकाळी हे पलायन उघडकीस आले असे दिसते. मावळातील टिपण आणि आग्र्यातील पत्र यांचा परस्परांशी काहीही संबंध नसता दोहोंचा मेळ बसावा, ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरी कसोटी स्वतंत्र साक्षीची. महाराजांच्याच आज्ञेने कवींद्र परमानंदाने रचलेले ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावर येथे सापडले आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते १९२७ साली प्रकाशित केले. त्यातही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया हीच तिथी आहे. त्यात शक आकड्यांनी न देता शब्दांनी सांगितला आहे. असा शब्द बदलला तर वृत्त मोडते, आणि त्यामुळे नकलेतील चूक लपत नाही. पुढे जोधपूर येथील जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, तीही याच तिथीची. दहा बखरी एकमेकींवरून उतरल्या असतील तर ती साक्ष एकच. परंतु कारी, तंजावर आणि जोधपूर येथील तीन कागद एकच गोष्ट सांगतात तेव्हा त्या साक्षी तीन होत. साक्षीदार मोजण्यापूर्वी ते एकमेकांचे ऐकून तर बोलत नाहीत ना, हे पाहिले पाहिजे. २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

तीन वर्षांच्या फरकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांची पुत्रांसह दौलताबादेस निजामशाही दरबारात हत्या झाली ती जुलै १६२९ मध्ये. जन्म १६२७ चा मानला तर त्या वेळी जिजाबाईंच्या मांडीवर दोन वर्षांचे मूल होते. १६३० चा मानला तर ते मूल अद्याप उदरात होते. माहेर असे उद्ध्वस्त झाले असता गरोदर जिजाबाईंनी शिवनेरीवर दिवस काढले, आणि पुढे लगेच १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ दख्खनेत पडला. शिवबांचे तान्हेपण त्या दुष्काळात गेले. अफजलखानाच्या भेटीच्या वेळी, नोव्हेंबर १६५९ मध्ये, महाराज बत्तीस वर्षांचे नव्हते. ते एकोणतीस वर्षांचे होते. तारीख बदलली की माणसाचे चरित्र असे बदलते.

घरगुती आठवणींनाही हाच न्याय लावावा. वडीलधाऱ्यांची आठवण टाकाऊ नव्हे. कित्येकदा शोधाचा आरंभ तिच्यापासूनच होतो. परंतु ती ऐकताना तीन प्रश्न मनाशी धरावेत : सांगणाऱ्याने हे स्वतः पाहिले की ऐकले? घटना आणि सांगणे यांत किती काळ लोटला? आणि ज्याने हे त्याच्याकडून ऐकलेले नाही, असा दुसरा कोणी तेच सांगतो काय? जन्माची नोंद, शाळेचा दाखला, जुन्या पत्रावरील टपालाचा शिक्का, पंचांगाच्या समासात केलेले टिपण ही सामान्य कुटुंबाची शकावलीच होय. जेध्यांच्या घरी कोणीतरी ज्या त्या वेळी चार ओळी टिपून ठेविल्या, आणि पुढच्यांनी ते कागद जपले, म्हणूनच सुमारे तीनशे वर्षांनी एका मोठ्या वादाचा उलगडा होऊ शकला.