वेताळ, संकासुर आणि सैतान : शंभर वर्षांचा मागोवा

१९१५ साली कोकणातल्या लोकसमजुतींवर एक इंग्रजी ग्रंथ निघाला. संपादक आर. ई. एन्थोवेन, मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी. त्यातली माहिती मात्र त्यांनी स्वतः जमवलेली नव्हती. ती ए. एम. टी. जॅक्सन यांची. त्यांची प्रश्नावली गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेली आणि मास्तरांनी उत्तरं लिहून पाठवली. हेच ते नाशिकचे कलेक्टर जॅक्सन. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले. जॅक्सन गेले, मास्तरांचे कागद मागे राहिले आणि सहा वर्षांनी त्यांचा ग्रंथ झाला. पानोपानी तळटीपा आहेत : शाळामास्तर, विजयदुर्ग, शाळामास्तर, मालवण, शाळामास्तर, आंजर्ले. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झालेला नव्हता, तो १९८१ मध्ये झाला. त्यामुळे मालवणपासून दापोलीपर्यंतचे हे सगळे मास्तर रत्नागिरी जिल्ह्याचेच.

या मास्तरांनी भुतांची जी यादी दिली आहे ती वाचताना मी दर वेळी थांबतो. वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिरा, चेटक, झोटिंग, वीर, चेडा, जखीण, लावसट, हडळ. प्रत्येकाचं मूळ वेगळं, राहण्याची जागा वेगळी. गिरा पाण्याच्या काठी, मुंजा पिंपळावर. देवचार गावाच्या चारी दिशांना राहतो आणि वर्षातून एकदा त्याला नारळ, केळी, साखर, कोंबडा असा मान द्यावा लागतो. मान दिला की तो गाव राखतो. चुकवला तर त्रास देतो. म्हणजे गावरहाटीत जसा प्रत्येक घराचा मान आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं, तसंच अदृश्य मंडळींचंही. या अख्ख्या यादीत देवाचा कायमचा वैरी असा एकही जण नाही. वेताळ तर भुतांचा राजा, आणि तरीही देव. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत त्याचं, म्हणजे वेतोबाचं, मोठं देऊळ आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरून राखण करतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे.

हे आत्ता आठवायचं कारण असं की कॉलेजातली मुलं हल्ली वेगळेच प्रश्न विचारतात. सैतानाची पूजा करणारे लोक खरंच असतात का? ते माणसं बळी देतात का? आपल्याकडे देवस्की करणारे, भगत, घाडी हे त्यातलेच का? मोबाइलवर काहीतरी बघितलेलं असतं, त्यात आजीकडून ऐकलेलं मिसळतं, आणि सगळ्याचा एकच काला होतो. प्रश्न खरे आहेत. त्यांना हसून किंवा दटावून उडवून लावणं मला मान्य नाही.

सैतान ही ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरेतली व्यक्तिरेखा. देवाची आज्ञा मोडणारा, माणसाला भुलवणारा. आपल्याकडच्या असुरांशी त्याची सांगड घालता येत नाही. दिवाळीच्या पाडव्याला आपण ज्या बळीचं राज्य यावं म्हणतो तो असुरच आहे. पण बाहेरून येणाऱ्याच्या डोक्यात एकच चौकट असली की त्याला सगळीकडे तोच दिसतो. गोव्यात सोळाव्या शतकात हेच झालं. १५४० नंतर तिसवाडीतली आणि पुढच्या दशकांत बारदेश-साष्टीतली देवळं पोर्तुगिजांनी पाडली. मिशनऱ्यांच्या लेखी तिथल्या मूर्ती म्हणजे सैतानाची ठाणी. १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं ते, मधला छोटा खंड सोडला तर, १८१२ पर्यंत चाललं. गावाची वेस राखणारा देवचार गोव्याच्या ख्रिस्ती बोलीत सरळ सैतान होऊन बसला. काणकोणातल्या लोलयेचा दगडी बेताळ आजही उभा आहे, कारण तो भाग पोर्तुगिजांच्या हाती फार उशिरा, अठराव्या शतकात गेला. तोवर देवळं पाडण्याचा जोर ओसरला होता. कोणाचा देव सैतान ठरणार हे असं सत्ता कुठवर पोचली यावर अवलंबून राहिलं.

आणि स्वतःला सैतानवादी म्हणवणारे लोक? ते खरोखर आहेत, पण बहुतेकांना वाटतं तसे नाहीत. ३० एप्रिल १९६६ रोजी अँटन लावे या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोत ‘चर्च ऑफ सेटन’ स्थापन केलं आणि १९६९ मध्ये ‘सेटॅनिक बायबल’ हे पुस्तक काढलं. या पंथाचे लोक देव मानत नाहीत आणि सैतानही मानत नाहीत. सैतान त्यांच्यासाठी प्रतीक आहे : कोणापुढे मान न तुकवणारा, देहाच्या सुखाची लाज न बाळगणारा माणूस. लावेच्या नियमांत लहान मुलांना इजा करू नये असं स्पष्ट आहे. स्वसंरक्षण किंवा अन्न ही कारणं सोडून प्राण्याला मारू नये हेही आहे. मला हे तत्त्वज्ञान पटत नाही. त्यात दुबळ्यांविषयी जो तुच्छभाव आहे तो मला टोचतो. पण नरबळीचा आरोप त्यावर टिकत नाही.

१९७५ मध्ये त्यातूनच मायकेल अॅक्विनो फुटून निघाले आणि त्यांनी ‘टेंपल ऑफ सेट’ काढलं. सेट हा प्राचीन इजिप्तचा देव, आणि या मंडळींच्या मते तो प्रत्यक्ष आहे, नुसतं प्रतीक नाही. २०१३ मध्ये आलेलं ‘द सेटॅनिक टेंपल’ आणखी निराळं. ते निरीश्वरवादी आणि उघड राजकीय आहे. सरकारी जागेत एका धर्माचं चिन्ह लावायचं असेल तर आमचंही लावा, हा त्यांचा अमेरिकेतल्या कोर्टकचेऱ्यांमधला मुद्दा. २०१९ मध्ये तिथल्या आयकर खात्याने त्यांना चर्च म्हणून मान्यता दिली. या गटांचं आपसात मुळीच पटत नाही. लावेचे अनुयायी या नव्यांना सैतानवादी मानायलाच तयार नाहीत. थोडेसे लोक असेही आहेत की जे सैतानाला खरी शक्ती मानून पूजतात, पण त्यांची संख्या फार लहान. उलटा क्रूस दिसला की सैतान, असं मुलं सांगतात. तो मुळात संत पीटरचा क्रूस आहे. ख्रिस्ती परंपरेनुसार त्याने स्वतःला उलटं टांगून घेतलं, कारण येशूसारखं मरण मिळण्याची आपली लायकी नाही असं तो मानत होता.

मग बळी, रक्त, गुप्त टोळ्या हे सगळं आलं कुठून? बहुतांशी १९८० च्या दशकातल्या अमेरिकेतून. १९८० मध्ये ‘मिशेल रिमेंबर्स’ नावाचं पुस्तक आलं. मानसोपचारात आठवलेल्या, सैतानी पंथाने लहानपणी केलेल्या छळाच्या कथा त्यात होत्या. पुढे त्यांना कुठलाच आधार सापडला नाही, पण तोवर पुस्तक घरोघरी गेलं होतं. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीवर आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. मूल नाही म्हणालं की पुन्हा विचारायचं, बाकीच्या मुलांनी सांगितलंय म्हणायचं, हो म्हटलं की शाबासकी. मुलांनी भुयारं सांगितली, उडणारी माणसं सांगितली. खटला १९९० पर्यंत चालला, अमेरिकेच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत लांब आणि खर्चिक, आणि एकाही आरोपीला शिक्षा झाली नाही. काही जणांनी मात्र निकालाआधीच तुरुंगात वर्षं काढली. १९९२ मध्ये एफबीआयचे केनेथ लॅनिंग यांनी अहवाल दिला. माणसं मारणाऱ्या संघटित सैतानी टोळ्यांचा पुरावा मिळत नाही, असं त्यात लिहिलं. ब्रिटनमध्ये मानववंशशास्त्रज्ञ जीन ला फाँटेन १९९४ मध्ये जवळपास त्याच निष्कर्षाला आल्या. त्याच काळात आपल्या घरातलं विक्स ज्या कंपनीचं, त्या प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या चंद्र-ताऱ्यांच्या बोधचिन्हात सैतान दडलाय अशी अफवा अमेरिकेत पसरली. कंपनीला ते चिन्ह वेष्टनांवरून काढावं लागलं.

मॅकमार्टिन खटल्याबद्दल वाचताना मला कोकणातल्या मास्तरांची उत्तरपत्रिका आठवते. प्रश्न दोन्हीकडे विचारले गेले. मास्तरांना विचारलं होतं की तुमच्या गावात लोक काय मानतात. त्यांनी ते लिहिलं, आणि कोणाच्या घरावर बोट ठेवलं नाही. कॅलिफोर्नियात उत्तर आधी ठरलेलं होतं आणि मुलांकडून ते वदवून घ्यायचं होतं.

दुर्दैवाने ठरलेलं उत्तर वदवून घेण्याचा हा प्रकार आपल्याकडेही जुनाच आहे. घरात आजारपण हटत नाही, म्हैस आटली, होडीला मासळी लागत नाही, की कोणीतरी भगताकडे जातो. भगत नाव घेत नाही. तो म्हणतो, वरच्या बाजूची आहे, विधवा आहे, तुमच्या बांधाला लागून आहे. पुढचं नाव विचारणारा स्वतःच पुरवतो. करणी, मूठ, चेटूक यांवर विश्वास असणं ही एक गोष्ट झाली. पण त्यानंतर त्या बाईला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही, तिच्या हातचं पाणी पीत नाहीत, तिच्या नातवंडांना अंगणात येऊ देत नाहीत. जमिनीचा वाद बहुधा आधीपासून असतो. बांधावरचा आंबा कोणाचा, यातून भूत निघालेलं मी पाहिलं आहे.

बाहेरच्यांच्या नजरेला दिसणारं कोकण याहून वेगळं आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली, सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेली. कोकण म्हणजे भुताटकी आणि करणी, अशी प्रतिमा होते म्हणून तेव्हा इथून आक्षेप घेतले गेले. मालिका लोकांना आवडली, तिचा अभिनय आणि बोली मलाही आवडली. आक्षेपातली वेदनाही मला खरी वाटते. मुंबईहून येणारा पाहुणा आता राखणदाराचा दगड दिसला की आवाज खाली आणून विचारतो, इथे काही करतात का? करतात, नारळ ठेवतात.

असाच गैरसमज संकासुराचा. शिमग्यात गुहागर, चिपळूण, दापोलीकडे खेळे घेऊन येणारा संकासुर ज्याने कधी पाहिलेला नाही, त्याने त्याचा फोटो पाहिला तर तो दचकेल. काळा पायघोळ अंगरखा, चेहरा पूर्ण झाकणारी उंच टोकदार काळी टोपी, त्यातून दिसणारे फक्त डोळे, खाली छातीवर रुळणारी पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. परक्या माणसाला हा सैतानी पंथाचा पुरोहित वाटेल. पुराणात हा वेद चोरणारा शंखासुर, विष्णूने मत्स्यावतार घेऊन मारलेला. आणि आमच्याकडे? मृदंगाच्या ठेक्यावर घुंगरं दणाणत तो अंगणात शिरतो, पोरं आईच्या पदराआड पळतात, आणि तीच आई पुढे होऊन त्याच्या पायावर डोकं ठेवते. त्याला नवस बोलतात. घाबरलेलं पोर त्याच्या पायावर घालतात, भीती जावी म्हणून. मुंबईला गेलेला चाकरमानी त्याच्यासाठी रजा काढून येतो. दशावतारातला संकासुर तर मालवणीत बोलून ब्रह्मदेवालाच प्रश्न विचारतो आणि मंडप हसून लोटपोट होतो. असुराला मारूनही त्याचा मान राखण्याची ही रीत मला कोकणी माणसाच्या शहाणपणाची मोठी खूण वाटते.

याच शहाणपणाची कायद्यातली बाजू यायला फार वेळ लागला. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मसुदे बदलले, कलमं गळली, विधेयक अधिवेशनामागून अधिवेशनं पडून राहिलं. वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल, देवळात नारळ फोडला तर अटक होईल, असा प्रचार झाला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला.

या कायद्याविषयीचे गैरसमज अजून गेलेले नाहीत, म्हणून स्पष्ट सांगतो. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना त्यात बंदी नाही. वेतोबाला चपला वाहणं, राखणदाराला नारळ ठेवणं, गाऱ्हाणं घालणं, संकासुराच्या पाया पडणं हा गुन्हा नाही. कोणी घरात बसून सैतानाचं पुस्तक वाचलं तर तोही या कायद्याने गुन्हेगार ठरत नाही. गुन्हा आहे तो भूत उतरवतो म्हणून माणसाला मारणं, बांधून ठेवणं, चटके देणं, नरबळी देणं किंवा द्यायला लावणं. आणि अनुसूचीत आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते : एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, मंत्राने जनावरांचं दूध आटवते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं, आणि तिला सैतान किंवा सैतानाचा अवतार ठरवणं. महाराष्ट्राच्या कायद्यात सैतान हा शब्द आला आहे तो असा. सैतान मानणाऱ्याला हा कायदा हात लावत नाही, दुसऱ्याला सैतान ठरवणाऱ्याला लावतो.

शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तुमच्या वाडीत एखाद्या बाईवर असं बोट ठेवलं गेलं असेल, तर गावकीची बैठक होईपर्यंत थांबू नका. तिच्या घरी जा, तिच्या हातचा चहा चारचौघांच्या देखत घ्या, आणि तिची तयारी असेल तर तिला घेऊन पोलीस ठाण्यात जा. तक्रार नोंदवून घेणं त्यांना बंधनकारक आहे.