बुडालेली मजुरी आणि पुराचा पंचनामा

7 ऑगस्ट 2019 रोजी सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 45 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती. त्याच दिवशी पूरग्रस्तांना मोफत धान्य देण्याचा शासन निर्णय निघाला: घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात असेल, तर कुटुंबाला 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ. त्या दोन दिवसांच्या अटीवर राज्यभर संताप उसळला. तो रास्त होता, पण फार लवकर शमला. ही अट मंत्रालयातल्या कुणा कारकुनाला सुचलेली नव्हती. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून कोणत्या नुकसानीला किती पैसे देता येतील, याचा तक्ता केंद्रीय गृह मंत्रालय ठरवून देतं. त्यात कपडे आणि भांडीकुंडी यांच्या मदतीसाठी हीच अट 2015 पासून छापलेली होती. महापुरावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे: कोयनेचा विसर्ग, अलमट्टीची पाणीपातळी, निळ्या आणि लाल पूररेषा, नदीकाठची बांधकामं. हा तक्ता मात्र फारसा कुणी वाचत नाही, आणि माझं कुतूहल वर्षानुवर्षं त्याच्याचभोवती फिरत राहिलं आहे. पाणी ओसरल्यावर कोण उभं राहणार आणि कोण नाही, हे बऱ्याच अंशी त्या थोड्या पानांत ठरतं.

2019 मध्ये लागू असलेला तक्ता असा होता. पिकाचं 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालं, तर कोरडवाहूला हेक्टरी 6,800 रुपये, बागायतीला 13,500, बहुवार्षिक पिकाला 18,000, आणि तेही दोन हेक्टरांपर्यंत. पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात 95,100. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 5,200, कच्च्याला 3,200. झोपडीला 4,100. दुभत्या गाई-म्हशीला 30,000, शेळीला 3,000, कोंबडीला 50. हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिराला हत्यारांसाठी 4,100. घराच्या रकान्याला एक शेपूट आहे: बांधकाम अधिकृत असलं पाहिजे आणि तसा दाखला सक्षम अधिकाऱ्यानं दिला पाहिजे. गायरानावर किंवा ओढ्याकाठी दोन-तीन पिढ्या राहणाऱ्या भूमिहीनाला हा दाखला कोण देणार? शेताच्या रकान्यात हेच काम सातबारा करतो. वाट्यानं किंवा तोंडी खंडानं जमीन कसणाऱ्यानं बियाणं, खत, घाम सगळं घातलेलं असतं. अनुदान जातं ते उताऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात. भाडेकरूची तीच गत. भिंतींचे पैसे घरमालकाला मिळतात, आणि भिंतींच्या आत सडलेला संसार तेव्हा कपडे नि भांडी मिळून 3,800 रुपयांत बसवायचा होता.

आता शेतमजूर बाईचा पंचनामा करून बघा. तिची जमीन गेली नाही, कारण ती नव्हतीच. पीकही तिचं नव्हतं. गेली ती मजुरी. ऊस कुजला की खुरपणी, भांगलण, पाला काढणं ही पुढची सगळी कामं गेली. शेतकऱ्याचं एका हंगामाचं उत्पन्न बुडतं तेव्हा त्याच शेतावर राबणाऱ्यांचंही बुडतं. एकाच्या नुकसानीला हेक्टर हे माप आहे, दुसऱ्याच्या नुकसानीला मापच नाही. तक्त्यात तिच्या वाट्याला येणारं कलम शोधलं तर एक सापडतं: उपजीविका गंभीरपणे बाधित झालेल्या कुटुंबांना निर्वाह मदत. 2019 मध्ये प्रौढाला दिवसाला 60 रुपये आणि मुलाला 45. दोन मोठी आणि दोन मुलं असलेल्या कुटुंबाचे महिन्याचे 6,300 रुपये होतात. त्यातही ते कुटुंब निवारा केंद्रात असेल तर हे पैसे नाहीत. पूर ओसरल्यावर पहिले तीस दिवस कसेबसे निघतील. रिकाम्या शेताचे महिने त्यानंतर सुरू होतात.

शिवाय पाणी सगळ्यांकडे एकाच वेळी येत नाही. सांगलीत इशारा पातळी 40 फूट आहे. पण नदीनं ती गाठण्याच्या आधीच सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल वस्त्यांमधली कुटुंबं गाठोडी बांधून बाहेर पडलेली असतात. म्हणजे शहरासाठी इशारा सुरू होतो तेव्हा तिथला पूर सुरू होऊन गेलेला असतो. 2019 सारखा, 57 फुटांवर गेलेला पूर बाजारपेठेत शिरतो तेव्हाच त्याला महापूर म्हणतात आणि तेव्हाच पॅकेज येतं. खालच्या वस्तीला एरवीच्या पावसाळ्यातही सामान उचलावं लागतं. दोन दिवसांच्या अटीतला खरा अन्यायही इथेच आहे. सिमेंटची भिंत तीन दिवस पाण्यात राहून पुन्हा सुकते. पांढऱ्या मातीची भिंत एका रात्रीत भिजते आणि पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर, कधी तलाठी पंचनामा करून गेल्यावर ढासळते. घड्याळ दोन्ही घरांना सारखंच लावलं, म्हणून न्याय सारखा झाला असं होत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 चं 61 वं कलम मदत देताना लिंग, जात, समाज, वंश आणि धर्म यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. चांगलं कलम आहे. पण इथे कुणाची जात विचारावीच लागत नाही. गावानं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीन दिली नाही आणि नदी-ओढ्याकडची सखल जागा दिली, त्यांना सातबारा आणि बांधकामाचा दाखला मागितला की जुना भेद आपोआप नव्या कागदावर उतरतो. तलाठ्याच्या मनात काहीही वाईट नसताना उतरतो.

हे असंच असायला हवं होतं का? या प्रश्नाचं उत्तर सांगली जिल्ह्यातच आहे, आणि ते पुरात नाही, दुष्काळात आहे. कृष्णा-वारणेच्या काठी पाण्यात जाणाऱ्या या जिल्ह्याच्या पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे पावसाची वाट पाहणारे तालुके आहेत. याच जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, 1965 मध्ये एक प्रयोग झाला: काम मागेल त्याला काम द्यायचं. त्यामागे होते वि. स. पागे. 1960 पासून 1978 पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते, आणि एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसानं अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या रोजाचा हिशेब इतक्या चिकाटीनं मांडावा, ही आपल्या राजकारणातली विरळ गोष्ट आहे. 1972 च्या दुष्काळात त्यांची कल्पना राज्यभर गेली, 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता, हा त्यातला हक्क होता. पैसा कुठून आणायचा याचंही उत्तर त्या पिढीनं धीटपणे दिलं. शहरातल्या पगारदारावर व्यवसाय कर बसवला आणि बागायती जमिनीवर उपकर. कृष्णाकाठच्या ओलिताच्या उसानं माणदेशातल्या खडी फोडणाऱ्या हातांना मजुरी द्यायची, इतका सरळ तो न्याय होता. रोजगार हमीतले घोटाळे, खोटी हजेरीपत्रकं, उन्हात फोडलेल्या खडीचे निरुपयोगी ढीग, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी मुद्दा उरतोच. दुष्काळात ‘तुझं काय बुडालं?’ असं विचारण्याऐवजी ‘तुला काम हवं का?’ असं आपण विचारलं. दुष्काळाच्या धोरणात भूमिहीन केंद्रस्थानी आला. पुराच्या धोरणात तो अजून तळटीपेत आहे.

हा फरक का पडला? माझं मत असं की दुष्काळाला 1880 च्या दुष्काळ आयोगापासूनचा इतिहास होता. आयोगाच्या शिफारशींवरून आलेल्या संहितांत सक्षम माणसाला काम आणि अक्षमाला फुकट शिधा अशी दुहेरी सोय होती. ती सोय कनवाळू नव्हती. आयोगाच्या आधीच, 1877 मध्ये मुंबई इलाख्यात मजुरीतलं धान्य कमी केलं तेव्हा दुष्काळी कामांवरचे मजूर काम सोडून निघून गेले होते आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली होती. त्या भांडणातून मजुरी हा दुष्काळाचा प्रश्न ठरला. पुराचं असं भांडण झालंच नाही. पूर आठवड्यात ओसरतो, कॅमेरे परततात, आणि उरलेला वाद दोन राज्यांच्या धरणांवर जातो. 2019 नंतर नंदकुमार वडनेरे समिती नेमली गेली. तिनं अलमट्टीला जबाबदार धरलं नाही, तरी सांगली-कोल्हापुरात वाद अजून तिथेच फिरतो. पाणी कुणी सोडलं यावर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या एका अंशानंही मजुरी कुणाची बुडाली यावर झाली नाही.

याला उत्तर म्हणून सांगितलं जातं की ही मदत आहे, नुकसानभरपाई नव्हे; सरकार काही विमा कंपनी नाही. हा युक्तिवाद मला मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. भरपाई द्यायची नसेल, तर मालमत्तेच्या मापानं पैसे का वाटायचे? निव्वळ मदतच करायची असेल, तर गरज हेच माप हवं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: शेतकरी स्वतः कर्जात आहे, त्याच्या तोंडचा घास काढून मजुराला द्यायचा का? मुळीच नाही. तक्त्यातल्या हेक्टरी दरात उसाचा लागवडीचा खर्चही निघत नाही, आणि 2019 मध्ये राज्यानं एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ केलं, ते योग्यच होतं. पण शेतकऱ्यासाठी केंद्राच्या निकषांपलीकडे जाण्याची वाट सरकारला सापडते, मजुरासाठी सापडत नाही, हे तरी मान्य करायला हवं. तिसरा आक्षेप प्रशासनाचा: कागद नसेल तर बोगस नावं घुसतील. त्या पुरातच राज्यानं बाधित कुटुंबांना ग्रामीण भागात 10,000 आणि शहरी भागात 15,000 रुपये दिले. तिथे कुटुंब हे एकक धरलं होतं, हेक्टर नव्हे. म्हणजे सातबाऱ्याविना मदत मोजता येते. ग्रामसभेत यादी वाचून दाखवली, तर कुणाच्या घरात पाणी होतं आणि कोण कुणाच्या शेतावर जात होतं, हे गावाला तलाठ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

पूर ओसरल्यावर काम कुठून आणायचं, असंही विचारतील. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शेतांवरून गेल्या आणि माती खरवडून घेऊन गेल्या. ऑक्टोबरमध्ये राज्यानं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्याची चर्चा पुन्हा हेक्टरी दरांचीच झाली. मर्यादा दोनवरून तीन हेक्टरांवर गेली. पण त्यात एक कलम वेगळं होतं: खरवडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि मनरेगातून तीन लाखांपर्यंतचं काम. शेतकऱ्याची जमीन दुरुस्त व्हावी आणि ती दुरुस्त करणाऱ्याच्या हातात रोज पडावा, ही पागेंचीच वाट आहे. फक्त ते काम यंत्रांच्या हाती न जाता मजुरांच्या हाती राहायला हवं, आणि जमीन खरवडलेली नसली तरी गाळ काढणं, ओढे मोकळे करणं, पडलेल्या भिंती उचलणं हीसुद्धा मजुरीची कामं मानायला हवीत. ज्यांच्याकडून अंगमेहनत होत नाही त्यांना निर्वाह मदत द्यावी, आणि ती तीस दिवसांवर न थांबता पुढचं पीक उभं राहीपर्यंत चालावी. शहरातल्या भाडेकरूला आणि घरकाम करणाऱ्या बाईला मनरेगा कधीच लागू नव्हती; त्यांच्यासाठी वेगळं कलम लागेल.

2022 मध्ये केंद्रानं तक्ता सुधारला. पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार, झोपडीला 8,000, कोरडवाहूला 8,500 असे दर झाले. निर्वाह मदत मनरेगाच्या मजुरीशी जोडली गेली, ही त्यातली खरोखर चांगली सुधारणा. बांधकाम अधिकृत असण्याची अट मात्र हटली नाही आणि बुडालेल्या मजुरीचा रकाना आला नाही. या निकषांचा काळ 2025-26 या आर्थिक वर्षापर्यंत ठरवलेला होता. पुढचा तक्ता ठरताना महाराष्ट्रानं दोन मागण्या लेखी कराव्यात: प्रत्यक्ष राहणाऱ्याला आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला बाधित मानावं, आणि बुडालेल्या मजुरीला स्वतंत्र रकाना द्यावा. रोजगार हमीचा कायदा देशात पहिल्यांदा करणाऱ्या राज्याला ही मागणी करण्याचा अधिकार आहे, आणि आपापल्या आमदार-खासदारांना ती करायला लावणं हे आपलं, वाचकांचं काम आहे.