जमीन जागेवरच, चुकला तो फेरफार

पीक विम्याची मुदत संपत आली की घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीसारख्या बाजारपेठेच्या गावात ऑनलाइन सेंटरसमोर रांग लागते. अशा घाईत सी ड्राइव्ह भरून लाल दिसू लागतो. जागा करायची म्हणून कुणी फोल्डर इकडचे तिकडे करतो, माऊसवरचं बोट निसटतं आणि कामाचा फोल्डर भलत्याच फोल्डरात जाऊन पडतो. आत्ता चालणारं सॉफ्टवेअर उघडेनासं होतं. फोल्डर खुद्द सिस्टीमचा असेल, तर पुढच्या वेळी संगणक सुरूच होत नाही. मग सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारा.’ तो मानण्याआधी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी: अशा वेळी माहिती बहुधा जिथल्या तिथेच असते.

जमिनीचा व्यवहार झाला की शेत उचलून दुसरीकडे नेत नाहीत. गट नंबर तोच, बांध तेच. बदलते ती दप्तरातली नोंद: गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवला जातो. डिस्कवरही असंच घडतं. प्रत्येक फाईलला आतून एक क्रमांक असतो. विंडोजमध्ये हे दप्तर ‘मास्टर फाईल टेबल’ सांभाळतं आणि त्यातली एकेक नोंद साधारण १०२४ बाइटची असते. लिनक्समध्ये अशा नोंदीला ‘आयनोड’ म्हणतात. फोल्डर त्याच ड्राइव्हवर हलवला, तर ‘हा अमक्याच्या आत आहे’ एवढीच नोंद बदलते. म्हणून दहा जीबीचा फोल्डर क्षणात हलतो. पेनड्राइव्हवर नेताना मात्र प्रत्येक बाइट उतरवून घ्यावा लागतो, त्याला वेळ लागतो.

मग संगणक का अडतो? कारण सॉफ्टवेअर एकमेकांना पत्त्यावरून शोधतात. सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात सिस्टम ३२: हा पत्ता असंख्य ठिकाणी लिहून ठेवलेला असतो. घर तेच राहिलं तरी पत्ता बदलला, की बोलावणं पोहोचत नाही.

लिनक्समध्ये याचं फार बोलकं उदाहरण दिसतं. तिथे बहुतेक आज्ञा चालण्यासाठी आधी ‘लोडर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो आणि तो ठरलेल्या फोल्डरातच शोधला जातो. तोच फोल्डर हलला, तर तो परत आणण्याची आज्ञासुद्धा चालत नाही. आज्ञेची फाईल डोळ्यांसमोर असूनही ‘अशी फाईल नाही’ असा संदेश येतो. नाही तो लोडर! जाणकार अशा वेळी लोडरला त्याच्या नव्या पत्त्यावरून थेट हाक मारतात, किंवा ‘बिझीबॉक्स’सारखं लोडरविना चालणारं साधन वापरतात.

तुमच्या हातून असं झालं, तर आधी हात थांबवा. संगणक बंद करू नका. सुरू असलेले प्रोग्रॅम मेमरीत असतात, उघडलेल्या फाईलींवर त्यांची पकड असते, त्यामुळे ते काही काळ चालत राहतात. विंडोजमध्ये त्याच खिडकीत कंट्रोल आणि झेड दाबा. नुकतंच हलवलेलं बहुधा परत जागेवर येतं. रिसायकल बिनमध्ये शोधू नका, कारण हलवलेली वस्तू तिथे जातच नाही.

संगणक बंद पडलाच, तर दुसऱ्या संगणकावर विंडोजचा किंवा लिनक्सचा बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करून घ्या. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ १० दाबलं की आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडते. तिथून फोल्डर मूळ जागी नेता येतो. ड्राइव्हची अक्षरं मात्र तिथे बदललेली असू शकतात, म्हणून आधी आत काय आहे ते पाहावं. बंद पडलेली सिस्टीम सुरू न करता बाहेरून केलेला हा दुरुस्तीचा फेरफार असतो.

व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजने सिस्टीमच्या फाईलींची मालकी ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’कडे दिली, त्यामुळे आपण ओढूनही त्या सहसा हलत नाहीत. ॲपलने २०१९ मध्ये मॅकचा सिस्टीम विभाग केवळ वाचण्यापुरता ठेवला. तरीही ॲडमिनच्या खात्यावर रोजचं काम न करणं आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवणं, ही खबरदारी ज्याची त्यानेच घ्यायची.

त्या संगणकात कुणाच्या विम्याची पावती असते, कुणाच्या मुलीचा परीक्षेचा अर्ज असतो. फॉरमॅट करणं म्हणजे एका नोंदीच्या चुकीपायी गावाचं सगळं दप्तरच फेकून देणं. त्याआधी चुकलेली नोंद शोधा; जमीन जागेवरच आहे.