जुनी डिस्क, नवा संगणक

घरात जुनी वस्तू निघाली की आपल्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "भंगारात द्या." दुसरा म्हणतो, "राहू द्या, कधीतरी लागेल." गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी इंदूरला आत्याकडे गेलो, तेव्हा तिच्या घरी हाच वाद चालला होता. वादाचा विषय होता एक बंद पडलेला संगणक.

माझे आतोबा 2 वर्षांपूर्वी वारले. इंदूरच्या मराठी घरांतून बोलले जाणारे, हिंदी आणि माळवीच्या सहवासाने रूप बदललेले शब्द जमविण्याचा त्यांना नाद होता. ही सारी टिपणे त्यांनी 2004 साली घेतलेल्या त्या संगणकावर लिहिली होती. कागदावर एक ओळही नव्हती. आत्या म्हणाली, "यंत्र गेलं तरी चालेल रे, पण त्यांचे शब्द तेवढे काढून दे."

आत्याचे घर भंवरकुआं भागात आहे. 1891 साली स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय तेथून जवळ, आणि खंडवा रस्त्यावरील विद्यापीठाचा परिसरही जवळच. त्यामुळे शिकवणी वर्ग, वसतिगृहे, खाणावळी आणि त्यांच्या मध्ये मध्ये संगणक दुरुस्तीची छोटी दुकाने, असा सगळा विद्यार्थ्यांचा मुलूख. जुन्या यंत्रातून हार्ड डिस्क काढून मी एका दुकानात नेली. तेथील मुलाने ती एका केबलने आपल्या नव्या संगणकाला जोडली, पडद्याकडे पाहिले आणि निकाल दिला, "भिया, ये तो गई."

वाचकहो, ती गेली नव्हती. ती का गेली नव्हती, हे समजून घेणे आपल्यापैकी पुष्कळांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखप्रपंच.

हार्ड डिस्क म्हणजे काय? चुंबकीय लेप दिलेल्या एक किंवा अधिक चकत्या एका मोटरवर फिरत असतात. मेजावरच्या संगणकातील डिस्क बहुधा मिनिटाला 7200, म्हणजे सेकंदाला 120 फेरे घेते. चकतीवर एक वाचक-टोक तरंगत असते. ते पृष्ठभागाला टेकत नाही. दोहोंतील अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजारांश भागाहूनही कमी असते. या यंत्राचा मूळ पुरुष आय. बी. एम. कंपनीने 1956 साली बाजारात आणला. त्यात 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या होत्या आणि एवढ्या मोठ्या धुडात सुमारे 50 लाख अक्षरे मावत. आतोबांची डिस्क तळहातावर मावणारी, पण तिची क्षमता 40 जी. बी. होती. नव्या संगणकावर ती 37 जी. बी. दिसते, त्याने घाबरू नये. कारखानदार 1000च्या पटीने मोजतो, संगणक 1024च्या पटीने मोजतो, एवढाच हा फरक आहे.

आता जोडणीकडे वळू. त्या काळच्या बहुतेक डिस्क रुंद, पट्टीसारख्या केबलने जोडल्या जात. तिच्या टोकाला 40 पिनांची जागा असे. या पद्धतीला आय. डी. ई. म्हणतात. तिच्यात 16 बिट 16 तारांतून एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून धावत. वेग वाढला तसे या तारांतील संकेत एकमेकांत मिसळू लागले. म्हणून मध्ये मध्ये जमिनीला जोडलेल्या आणखी 40 तारा घालाव्या लागल्या. तरीही केबल 18 इंचांहून लांब चालत नसे. शेवटी अभियंत्यांनी उलटा विचार केला. सोळाजणांना एका रांगेत पळवून सर्वांना एकाच क्षणी पोहोचविण्याच्या खटाटोपापेक्षा एकालाच अतिशय वेगाने का पळवू नये? 2003 साली आलेली साटा पद्धत ती हीच. तिच्या केबलला अवघ्या 7 पिना असतात. पुढे काही वर्षांतच मदरबोर्डवरून 40 पिनांची जागा नाहीशी झाली.

आपली डिस्क साटा पद्धतीची असेल तर काम सोपे. मेजावरच्या आजच्या संगणकातही ती बहुधा सरळ बसते, वेग दोघे आपापसांत ठरवून घेतात. आय. डी. ई. असेल तर मात्र यू. एस. बी.चा अडॅप्टर आणावा लागतो. तो महाग नसतो. परंतु येथेच आमच्या दुकानदाराची पहिली चूक झाली. मेजावरच्या संगणकाच्या साडेतीन इंची डिस्कची मोटर 12 व्होल्टवर फिरते, आणि नेहमीच्या यू. एस. बी. जोडणीतून मिळतात 5 व्होल्ट. त्यामुळे डिस्कला वेगळा वीजपुरवठा द्यावाच लागतो. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क 5 व्होल्टवर चालते, म्हणून तिच्या बाबतीत ही अडचण सहसा येत नाही. दुकानातील मुलाने आमच्या डिस्कला वीजच दिली नव्हती. उपाशी माणूस चालत नाही म्हणून त्याला मृत ठरविण्यासारखेच हे झाले!

वेगळ्या पुरवठ्यासह अडॅप्टर आणून घरी जोडला. डिस्क फिरू लागली, हाताला कंप जाणवला, पण पडद्यावर काही दिसेना. तेव्हा लक्ष जंपरकडे गेले. आय. डी. ई.च्या एका केबलवर दोन उपकरणे बसत. त्यांतील मुख्य कोण आणि दुय्यम कोण, हे डिस्कच्या मागच्या बाजूच्या पिनांवर बसविलेला एक इवलासा प्लॅस्टिकचा तुकडा ठरवीत असे. हाच जंपर. आमचा जंपर "केबल सिलेक्ट" या जागी होता, म्हणजे निर्णय केबलवर सोपविलेला. अडॅप्टरमध्ये तो निर्णय देणारे कोणी नव्हते. डिस्कवर छापलेला तक्ता पाहून चिमट्याने जंपर "मास्टर"च्या जागी बसविला आणि डिस्क पडद्यावर उमटली. आत्या देवघरात होती, ती तशीच बाहेर आली.

येथे तीन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. पहिली, "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" असे संगणकाने विचारले, तर उत्तर "नाही" असेच द्यावे. दुसरी, टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर वीज ताबडतोब बंद करावी आणि डिस्क जाणकाराकडे न्यावी. घरी झाकण उघडू नये, कारण धुळीचा एक कणही वाचक-टोकाच्या वाटेतला डोंगर ठरतो. तिसरी, डिस्क चालली तरी तिच्यावर काम करू नये. आधी तिची संपूर्ण नक्कल नव्या डिस्कवर घ्यावी आणि जे करायचे ते नकलेवर करावे. जुन्या डिस्कवरूनच नवा संगणक सुरू करण्याचा मोह काहींना होतो. तिच्यातील विंडोज जुन्या मदरबोर्डच्या ओळखीची असल्याने ती बहुधा निळा पडदा दाखवून थांबते, आणि त्या धडपडीत डिस्कवर नको ते लिहिले जाते.

नक्कल झाली. आतोबांच्या फायली उघडल्या, तो काय! रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र खुणा यांची नुसती खिचडी. आत्याचा चेहरा उतरला.

पण हाही रोग ओळखीचा निघाला. त्या काळी पुण्यात तयार झालेल्या श्री-लिपीसारख्या आज्ञावलींत मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसविलेले असत. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसेल तर संगणक खालचे रोमन अक्षरच दाखवितो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरी "क"चा 2325, कन्नड "क"चा 3221. फॉन्ट कोणताही असो, क्रमांक बदलत नाही. आपल्या कन्नड विभागाच्या मित्रांकडेही नुडी किंवा बरहच्या जुन्या फायली असतील, तर त्यांनाही हा अनुभव येऊ शकेल.

औषध रोग्याच्या घरातच होते. जुन्या विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये तो फॉन्ट सापडला. तो नव्या संगणकावर बसविताच खिचडीतून मराठी उमटली. नंतर परिवर्तकाच्या साहाय्याने सारा मजकूर युनिकोडमध्ये आणला. काही जोडाक्षरे बिघडली होती, ती आत्याने चष्मा लावून एकेक करून दुरुस्त केली. कोणता शब्द कसा बोलला जातो, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आता त्या टिपणांच्या 3 प्रती आहेत. एक इंदूरला, एक माझ्याकडे आणि एक कागदावर. आपल्याही घरी माळ्यावर असा एखादा संगणक असेल. तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यातील डिस्क काढून ठेवा. तिला वीज द्या, जंपर पाहा आणि मगच ती गेली की आहे ते ठरवा. कुणी सांगावे, त्यात घरातल्या माणसाचा आवाज असेल.