उन्हाळ्यात पांगोलीचं पाणी बदलतं ते का?

फुलचूर म्हणजे गोंदिया शहराला लागलेलं गाव, आणि इथली जवळची नदी पांगोली. हिमालयातल्या ओढ्यांना उन्हाळ्यात वितळत्या बर्फाचा आधार असतो. पांगोलीला बर्फ कुठला? जून ते सप्टेंबर पाऊस, पुढे जमिनीतून झिरपणारं पाणी, एवढीच तिची मिळकत.

पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य असतात. मातीत मुरताना मात्र ते कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि कठीण खडकाच्या फटींतून सरकताना कॅल्शियम, सोडियम, बायकार्बोनेट सोबत आणतं. म्हणून पावसाळ्यातली नदी गढूळ पण क्षारांनी पातळ, तर उन्हाळ्यातली नितळ पण क्षारांनी दाट. नितळ पाणी शुद्धच, ही समजूत इथे फसते.

तापमान वाढलं की बाष्पीभवन वाढतं आणि क्षार आणखी दाटतात. शिवाय २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात सांडपाणी मिसळलं तर ते कुजवणारे जिवाणू उरलेलाही संपवतात. मासे मरतात ते बहुधा त्यामुळे. उन्हाळ्यात नदीला झिरपून मिळणारं पाणी वाढवायचं तर उपाय जवळच आहे: भंडारा-गोंदियाचे जुने मामा (माजी मालगुजारी) तलाव पाऊस अडवून जमिनीत मुरवतात. त्यांतला गाळ काढणं हा मला नव्या बोअरवेलपेक्षा शहाणा खर्च वाटतो.